एकाआड एक

८ जुलै

ती. वहिनी,
नमस्कार.

दादाला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन करावा तर आम्ही दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो, हे तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून पाहत आहात. म्हणून आता तुम्हाला लिहितो. तुम्ही उत्तर देता, तेही वेळेवर आणि वाचता येईल अशा अक्षरात.

विषय तुमच्या कॉलनीतल्या झाडांचा. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मी जी रांग लावली, तिला या पावसात बारा वर्षं झाली. दादा तेव्हा कॉलनीचा सेक्रेटरी होता. मला तिथे फक्त नागकेशर लावायचे होते. नागकेशर संथ वाढतो, पण एकदा उभा राहिला की तीन पिढ्यांना गडद सावली देतो. दादा सभेत उठून म्हणाला, "तीन पिढ्यांचं पुढे बघू, मला माझ्या हयातीत सावली पाहिजे." सगळे हसले आणि मी हरलो. मग तोडगा निघाला. एक नागकेशर, एक सोनमोहर, एकाआड एक. सोनमोहर भराभर वाढतो. बारा वर्षं त्याची सावली वापरायची, तोवर मधला नागकेशर अंग धरतो. मग सोनमोहर सगळे काढून टाकायचे.

आमच्या धंद्यात ही जुनीच रीत आहे. अडचण एवढीच, की काढायची वेळ येते तेव्हा लावणारा माणूस लांब असतो आणि राहणाऱ्यांना ते भाडेकरू झाड घरचं वाटायला लागलेलं असतं. म्हणून मी दादाकडून भर सभेत शब्द घेतला होता. "बारा वर्षांनी मी स्वतः उभा राहून सोनमोहर काढून घेईन," असं तो म्हणाला. तुम्ही तिथेच होतात, सगळ्यांना सरबत देत.

पाऊस सरला की काढायला हवेत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी नागकेशरांना उघड्यावर राहायची सवय होईल. दादाला आठवण करा.

तुमचा
धाकटा दीर

२१ जुलै

प्रिय भाऊजी,

इथे चार दिवस नुसते ढग आहेत, पाऊस नाही. तब्येती ठीक. शाळेत सिस्टरांनी पत्र लिहायला शिकवलं ते असंच: आधी हवा, मग तब्येत, मग काम. काम आधी लिहिलं तर वही परत यायची. अजूनही हात दुसऱ्या वाटेने जात नाही.

तुमची पत्रं पोचली आहेत. हे हल्ली लिहीत नाहीत. कॉलनीचं कामही सोडलंय. आता समोरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ सेक्रेटरी आहेत. त्यांना सगळे बँकवालेच म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं.

झाडं लावली तो दिवस मला चांगला आठवतो. नागकेशराची रोपं माझ्या गुडघ्याएवढी होती आणि शेंड्याची पानं तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखी लालसर, मऊ. तुम्ही प्रत्येक नागकेशरापाशी खाली बसून हाताने माती दाबत होतात आणि सोनमोहराला मात्र उभ्या उभ्या बुटाने. मला त्या सोनमोहरांची तेव्हाच दया आली होती. बोलले नाही इतकंच.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीसमोरचा आता गच्चीच्याही वर गेलाय. ती खोली दुपारी भट्टी असायची. तुम्ही एकदा तिथे झोपायचं नाकारून जिन्यात चटई टाकली होती. आता दुपारभर सोनमोहराच्या बारीक पानांची सावली पलंगाजवळच्या भिंतीवर हलत असते, ठिपक्या-ठिपक्यांची. कितीही वेळ पाहत राहावं अशी.

आणखी एखादं वर्ष थांबता येणार नाही का?

तुमची
वहिनी

३ ऑगस्ट

ती. वहिनी,
नमस्कार.

अक्षर तुमचं आहे, पण आवाज दादाचा येतोय. त्याला म्हणावं, बायकोच्या पदराआड लपायचं वय राहिलं नाही आता.

एखादं वर्ष थांबता येत नाही. बँकवाल्यांकडून मी फोटो मागवले. सोनमोहरांनी डोक्यावर छत धरलंय आणि खाली नागकेशर उजेड शोधत रस्त्याकडे वाकलेत. तुमच्या खिडकीजवळचा तर सलाम केल्यासारखा उभा आहे. लहानपणी थोडी सावली त्याला मानवते, पण आता त्याला आभाळ हवं. यंदा मोकळं झालं तर सरळ होतील. आणखी एक-दोन वर्षांनी जे होईल ते शोभेचं झाड नसेल, नुसतं जिवंत लाकूड असेल. गेली पंचवीस वर्षं मी दवाखान्यांना, शाळांना, गाड्या लावायच्या जागांना झाडं निवडून देतोय. सगळ्यांना लगेच सावली हवी असते. ज्याची सावली लावणाऱ्याला मिळणार नाही असं झाड मला माझ्या मनाने लावता आलं ते फक्त तुमच्याकडे. तेही अर्धंच.

वडिलांच्या वखारीत आम्ही दोघं डोळे मिटून बसायचो आणि करवतीच्या आवाजावरून कोणतं लाकूड चिरतायत ते ओळखायचो. दादा एकदाही चुकला नाही. मला कधी जमलं नाही, आणि म्हणून मी जिवंत झाडांकडे वळलो असं तो पाहुण्यांना रंगवून सांगतो. खरं असेल. पण इतकं लाकूड कळणाऱ्याला एक शब्द पाळता येऊ नये?

मी परस्पर बँकवाल्यांना लिहिलंय. ते तयार आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माणसं येतील.

तुमचा
धाकटा दीर

१२ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

काल रात्रीपासून पाऊस. तब्येती ठीक.

वाद घालायला मी लिहीत नाही. तुमचं बरोबर आहे, आणि ह्यांनाही ते मान्य आहे. ह्यांची एका शब्दाने हरकत नाही. मागणं माझं आहे. सगळे काढा, पण आमच्या खिडकीसमोरचा तेवढा सोडा. कारण विचारू नका. इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

तुमची
वहिनी

२० ऑगस्ट

ती. वहिनी,
नमस्कार.

तुम्ही कधी काही मागितलं नाहीत हे खरं, आणि म्हणूनच नाही म्हणताना जड जातंय. पण एका खिडकीला सूट दिली की उद्या प्रत्येक खिडकीला कारण सुचेल, आणि प्रत्येक कारण न विचारण्याजोगं असेल. ज्याने सभेत शब्द दिला त्याच्याच दारात सोनमोहर उभा राहिला, तर लोक काय म्हणतील? खरं तर पहिली करवत तिथेच लागायला हवी.

दादाची हरकत नाही म्हणता, मग त्याला दोन ओळी लिहायला काय झालं? तो आणि त्याचा मान. तुम्ही मध्ये पडू नका.

राग मानू नये.

तुमचा
धाकटा दीर

७ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

आज हवेचं लिहीत नाही. तब्येतीचं आधी लिहिते, कारण ते मी आजवर खरं लिहिलेलं नाही.

मे महिन्यात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण एकेक शब्द, जिना चढल्यासारखा, मध्ये थांबत. दुसऱ्या खोलीच्या दारातून चाकांची खुर्ची जात नाही, म्हणून पलंग पश्चिमेच्या खोलीत हलवला. उष्मा झाला की त्यांचा जीव घाबरा होतो. डॉक्टर म्हणाले खोली गार ठेवा. त्या खोलीतला गारवा म्हणजे तो सोनमोहर. दुपारभर त्याची सावली भिंतीवर पाहत पडून असतात. मी विचारलं, काय बघता एवढं? म्हणाले, "सिनेमा."

तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. का, तर "त्याला कळलं तर तो झाड ठेवील. दया म्हणून. मी शब्द दिलाय." तुमची दोन्ही पत्रं उशीखाली आहेत. उत्तर मी लिहून घेते म्हटलं, तर म्हणाले, "सही येत नाही मला. अक्षर बघूनच ओळखेल." म्हणून मी जे मागितलं ते कारणाशिवाय मागितलं. ते न मिळाल्याचा राग नाही. माझ्या पत्रावरून मीसुद्धा दिलं नसतं.

आता काल झालं ते.

सकाळी मुकादम माणसं घेऊन आला. हातात बँकवाल्यांचा कागद: फाटकापासून दुसरं झाड, मग एकाआड एक, टाकीपर्यंत. आमच्या दारापर्यंत सगळं नीट झालं. मग मला राहवलं नाही. खाली जाऊन म्हटलं, "मुकादम, एवढं एक सोडा. घरात आजारी माणूस आहे."

"अहो बाई, आजारी माणसाच्या सावलीला कोण हात लावतंय? सोडलं."

त्यांना चहा दिला, वर आले, भुसा आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या. करवत पुन्हा सुरू झाली. ह्यांनी डोळे उघडले.

"काय कापतायत?"

"सोनमोहर. आपला नाही, पुढचा."

"नाही."

"नाही काय? पुढच्या घरासमोरचा आहे."

"सोनमोहर ओरडत नाही. हे ओरडतंय. लोखंडासारखं."

औषधाने त्यांना कधी कधी भ्रम होतो. मी उशी सारखी केली, पाणी दिलं, झोपा म्हटलं. करवत थांबली, परत सुरू झाली. ते परत म्हणाले, "हे सोनमोहर नाही." मी हो हो म्हटलं. आपण लहान मुलाला म्हणतो तसं. अशी दुपार गेली. शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, सोडेनात. "बाहेर जा. धाकट्याची झाडं कापतायत."

भाऊजी, आमच्या दारापासून टाकीपर्यंत एकही नागकेशर उभा नव्हता. सोनमोहर सगळे जागच्या जागी. मुकादमाला म्हटलं, हे काय केलंत? तो गोंधळून म्हणाला, "तुमचं सोडलं, मग त्याच्या पुढचं धरलं. मोजा की, एकाआड एकच आहे. बारीक खोडं बघून आम्हाला बरंच वाटलं. पण लाकूड आहे की पहार? करवतीच्या दोन साखळ्या बोथट झाल्या." बँकवाले येऊन मोजून गेले. झाडांचा आकडा कागदाशी जुळला, म्हणून त्यांनी सहीसुद्धा केली.

मी ते एक झाड मागितलं नसतं तर तुमची सगळी राहिली असती. आणि ह्यांचं ऐकलं असतं तर निदान चार तरी वाचली असती. रात्री त्यांनीच विचारलं, "किती?" मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुमची
वहिनी

११ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं. शनिवारी पोचतो. तोवर कापलेल्या बुंध्यांना कुणाला हात लावू देऊ नका. खणून काढायला कुणी आलं तर त्याच्या अंगावर धावून जा.

जुलैच्या पत्रात तुम्ही "पलंगाजवळच्या भिंतीवर" असं लिहिलं होतं. त्या खोलीत पलंग कधीच नव्हता. मी वाचलं आणि पुढे गेलो. एखाद्या पानावर डाग दिसला तर मी त्या झाडाखालून हलत नाही.

धाकटा

२९ ऑक्टोबर

ती. वहिनी,
नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेला डबा गाडीतच संपला.

दादाशी इतका वेळ न भांडता मी कधीच बसलो नव्हतो. तिसरं वाक्य यायलाच एवढा वेळ लागतो की भांडण मध्येच निवून जातं. हे त्याला सांगितलं तर डाव्या बाजूने हसला. तुम्ही स्वयंपाकघरात होतात.

बुंध्यांविषयी परत लिहून ठेवतो. नागकेशर बुडापासून कापला तरी बहुतेक वेळा पुन्हा फुटतो. थंडीत कोंब दिसतील. प्रत्येक बुंध्यावर एकच जोमदार कोंब ठेवायचा, बाकीचे खुडायचे. त्यांना पुन्हा काही वर्षं सावली लागेल, तेव्हा त्या बाजूचे सोनमोहर राहू देत. बँकवाल्यांशी बोललोय. फाटकाकडचा अर्धा रस्ता माझ्या मनासारखा झाला आणि टाकीकडचा अर्धा दादाच्या. आमच्या घराण्यात भांडणाशिवाय झालेली ही पहिली वाटणी.

राहता राहिला तुमच्या खिडकीचा. निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "माझा काढ. शब्द." मी म्हटलं, "आता हंगाम गेला, पुढच्या वर्षी पाऊस सरला की काढू." हंगाम गेलेला नव्हता, वहिनी. चांगला महिनाभर होता. दादाला चिरलेल्या लाकडातलं सगळं कळतं आणि जिवंत झाडातलं काही नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पथ्यावर पडलं. त्याने मान हलवली. त्याला पटलं असावं. तुम्ही सांगू नका.

नागकेशरांचा हिशेब मनात ठेवू नका. मुकादमाला "एकाआड एक" असं सांगा, हे बँकवाल्यांना मीच लिहिलं होतं. झाडाचं नाव घालायचं मला सुचलं नाही. ज्याला दोन्ही झाडं माहीत आहेत असाच माणूस अशी चूक करतो.

तुमचा
धाकटा दीर

१८ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

पहाटे चांगली थंडी पडते, दुपारी शाल काढावी लागते. ह्यांची तब्येत तशीच, पण जेवण थोडं वाढलंय.

कोंब आले. टाकीजवळच्या बुंध्यावर आधी, मग एकेक करत आमच्याकडे सरकत. दोन मात्र अजून गप्प आहेत. पानं तशीच, लाल आणि मऊ, लावलेल्या दिवसासारखी. खुडलेला एक कोंब वर नेऊन ह्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या अंगठ्याने पुष्कळ वेळ चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "ह्याचा तसा आवाज होता, खरं वाटत नाही."

आणखी एक. तुम्ही सांगू नका म्हणालात, म्हणून मी काही सांगितलं नाही. पण तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी भिंतीकडे बघत ते आपणहून म्हणाले, "हंगाम गेला म्हणे. धाकट्याला अजून खोटं बोलता येत नाही." मी विचारलं, मग मान का हलवलीत? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "एक वर्ष मिळतंय. कशाला सोडू?"

तुमची
वहिनी

१२ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

हवा कोरडी आहे, ऊन कडक, वारा नाही. माझी तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत नाही.

हा उन्हाळा त्या झाडाने काढून दिला. मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हासुद्धा खोलीत बसवत होतं. ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही होतातच, तेव्हा ते मी लिहीत नाही. तुम्ही निघताना म्हणालात, "सोनमोहर राहू द्या वहिनी, आता कोण विचारतंय?" कुणीच विचारलं नाही हे खरं. बँकवाल्यांनीही विषय काढला नाही. पण शब्द ह्यांचा होता, आणि स्वतः उभं राहून पाळायचा होता. उभं राहणं माझ्याकडे आलं.

तोच मुकादम आला. या वेळी कागद नव्हता, मी बोटाने झाड दाखवलं. त्याने वर खिडकीकडे बघितलं.

"बाई, आजारी माणूस?"

"आता चालेल," मी म्हटलं.

फांद्यांना दोर बांधताना पोरांना तो दोनदा ओरडला की हळू घ्या. फाटकाच्या बाजूचा तो वाकलेला नागकेशर सगळं उतरेपर्यंत पोत्यात गुंडाळून ठेवला होता. संध्याकाळी त्याला तुम्ही सांगितल्याप्रमाणे बांबू बांधला. माझ्या डोक्यापेक्षा पुष्कळ उंच आहे, पण उघड्यावर एकटा बुजल्यासारखा दिसतो. टाकीकडचे कोंब माझ्या कमरेपर्यंत आलेत. त्या दोन बुंध्यांचं काही खरं नाही.

मुकादमाने मोठ्या खोडाला करवत लावली तेव्हा मी वर होते. पलंग अजून तिथेच आहे. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, खिडकी उघडी ठेवली, भुसा आला तर येऊ दे म्हटलं, आणि डोळे मिटून ऐकलं.

भाऊजी, सोनमोहर खरंच ओरडत नाही. एखाद्याने दुसऱ्या खोलीत बराच वेळ बोलत राहावं, तसा आवाज होता.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. एकही ठिपका नसलेलं, सबंध.

तुमची
वहिनी